तुमच्या फोनमधल्या लिनक्सचा 'सातबारा' कुठे सापडतो?

खोपटच्या एसटी डेपोत गाडीची वाट बघत उभे असाल, तर एक मिनिटाचा उद्योग सांगतो. अँड्रॉइड फोन हातात घ्या. सेटिंग्ज उघडा, सगळ्यात खाली 'फोनबद्दल' असं काहीतरी दिसेल, तिथे जा. मग 'अँड्रॉइड आवृत्ती' किंवा 'सॉफ्टवेअर माहिती'. आत कुठेतरी 'कर्नल आवृत्ती' लिहिलेली दिसेल आणि पुढे ५.१० किंवा ६.१ असा काहीतरी आकडा असेल.

हा आकडा अँड्रॉइडचा नाही, लिनक्सचा आहे. तुमच्या फोनची बॅटरी, कॅमेरा, मेमरी यांना कामाला लावणारा जो सगळ्यात खालचा थर असतो, त्याला कर्नल म्हणतात. अँड्रॉइडमध्ये हा थर लिनक्सचा असतो. रांगेत तुमच्या पुढे उभ्या असलेल्या काकांच्या फोनमध्ये तोच, मागच्या कॉलेजच्या मुलीच्या फोनमध्येही तोच. (आयफोनवाल्यांनी शोधू नये, त्यांचं घराणं वेगळं.)

लिनक्स फुकट मिळतं, त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, हे आपण ऐकलेलं असतं. पण मग ते नेमकं कुणाचं? कुणी लिहिलं, आणि कशावरून? एखाद्याने उद्या उठून 'हा कोड आमचा चोरलाय' असं म्हटलं तर काय दाखवायचं? आणि हे खरंच घडलं होतं. तो वाद कोर्टात जवळपास १८ वर्षं रेंगाळला.

ठाण्यात फ्लॅट घेताना बँक ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते. जमीन आधी कुणाची होती, कुणाकडून कुणाकडे गेली, मध्ये कुठे साखळी तुटलीय का, हे वकील तपासतो. गावाकडे हेच काम सातबारा आणि फेरफार नोंदी करतात. सॉफ्टवेअरलाही असाच सातबारा लागतो. लिनक्सचा तो कसा तयार झाला, याची ही गोष्ट.

१९९१ : हेलसिंकीतला पोरगा आणि हप्त्यांवरचा कॉम्प्युटर

लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता, वय २१. जानेवारी १९९१ मध्ये त्याने इंटेलच्या ३८६ चिपचा कॉम्प्युटर घेतला, तोही हप्त्यांवर. त्यावर त्याने मिनिक्स टाकलं. मिनिक्स ही अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी १९८७ मध्ये तयार केलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टम. ती युनिक्ससारखी वागायची. युनिक्स म्हणजे १९६९ मध्ये एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये जन्मलेली मूळ सिस्टम, जी महाग होती आणि जिचा कोड परवान्यांच्या कुलपात होता.

घरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडण्यासाठी लिनसने एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यात फाइल वाचायची सोय हवी, मग डिस्कची, मग आणखी कशाची, असं करत करत त्या प्रोग्रॅमची ऑपरेटिंग सिस्टम व्हायला लागली. एके दिवशी त्याने चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच फोन लावण्याच्या आज्ञा पाठवल्या आणि मिनिक्सचा बोऱ्या वाजला. मिनिक्स पुन्हा टाकण्यापेक्षा आपलंच पूर्ण करू, असं त्याने ठरवलं.

२५ ऑगस्ट १९९१ ला त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना उद्देशून जाहीर केलं की, मी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टम करतोय, फक्त छंद म्हणून, काही मोठं होणार नाही, आणि माझ्याकडे आहे त्यापेक्षा वेगळ्या हार्ड डिस्कवर ती बहुधा कधीच चालणार नाही. आज जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत २०१७ पासून एकूण एक मशीन लिनक्सवर चालतं. पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बनवला, तेही १९९१ मध्येच. त्याच घराण्यातला परम सिद्धी-एआय आज लिनक्सवर चालतो.

१७ सप्टेंबर १९९१ ला ०.०१ ही पहिली आवृत्ती सर्व्हरवर चढली. सुमारे १० हजार ओळी. आज हाच आकडा ४ कोटींच्या आसपास आहे.

इथे नोंदींची पहिली गंमत आहे. लिनसला स्वतःचं नाव सिस्टमला द्यायचं नव्हतं, ते त्याला फारच आत्मप्रौढी वाटत होतं. त्याने 'फ्रीक्स' असं नाव ठरवलं होतं. पण ज्याच्या हातात सर्व्हर होता त्या अॅरी लेमकेला ते नाव आवडलं नाही आणि त्याने फोल्डरला सरळ 'लिनक्स' नाव देऊन टाकलं. ही दंतकथा वाटेल, पण पुरावा कोडमध्येच आहे. ०.११ आवृत्तीतल्या एका फाइलच्या पहिल्या ओळींत अजूनही 'फ्रीक्स कर्नल' असंच लिहिलेलं आहे. बारशाच्या आधी पाळण्यावर लावलेली चिठ्ठी कुणी काढायची विसरावी, तसं. शांघायचे प्राध्यापक झाओ ज्योंग यांनी याच ०.११ वर ओळीनओळ टीका लिहिली आहे. टीका म्हणजे ट्रोलिंग नव्हे, ज्ञानेश्वरी ज्या अर्थाने गीतेवरची टीका आहे तशी.

दुसरी नोंद जास्त महत्त्वाची, परवान्याची. पहिल्या आवृत्तीसोबत लिनसने स्वतःच्या अटी लिहिल्या होत्या: कोड द्या, पण पैसे घेऊ नका. फ्लॉपीचा खर्चसुद्धा नाही. १९९२ च्या सुरुवातीला त्याने तो बदलून जीपीएल परवाना स्वीकारला. हा परवाना त्याचा नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून तो आला होता. जीपीएलचं म्हणणं थोडक्यात असं: वापरा, बदला, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही द्या आणि मूळ लेखकांची नावं पुसू नका.

म्हणून 'लिनस टोरवाल्ड्सने एकट्याने लिनक्स बनवलं' हे वाक्य रीलमध्ये छान वाटतं, पण अर्धवट आहे. कर्नल त्याने सुरू केला. त्याच्यावर चालणारी कितीतरी अवजारं ग्नूवाल्यांनी आधीच लिहून ठेवली होती.

'हा कोड आमचा आहे'

पहिली दहा-बारा वर्षं लिनक्समध्ये बदल कसे व्हायचे? जगभरातले लोक कोडचे तुकडे ईमेलने पाठवायचे, लिनस ते वाचायचा, आवडले तर टाकायचा. कुणी काय पाठवलं याची शिस्तबद्ध वही नव्हती. नावं होती, पण विखुरलेली. चाळीत खोली तोंडी बोलीवर एकाकडून दुसऱ्याकडे जावी तसा कारभार, सगळ्यांना माहीत असतं पण कागद नसतो.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेतल्या एससीओ ग्रुप या कंपनीने आयबीएमवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. पुढे ती रक्कम वाढवून ५०० कोटींवर नेली. म्हणणं असं की युनिक्सचे हक्क आमच्याकडे आहेत आणि आयबीएमने तो कोड लिनक्समध्ये घुसवला. त्यांनी लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांकडेही परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केली. तेव्हा लिनक्स वापरणं म्हणजे डोक्यावर तलवार टांगून घेणं, असं अनेक कंपन्यांना वाटू लागलं.

त्याच ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या एका कार्यक्रमात कंपनीने 'पुरावा' दाखवला. चोरलेला कोड पडद्यावर, पण कुणाला वाचता येऊ नये म्हणून काही भागाचा फॉन्ट ग्रीक केलेला! लोकांनी फोटो काढले, ग्रीक अक्षरांच्या जागी इंग्रजी ठेवली आणि कोड वाचून काढला. मग लिनक्सच्या जगातल्या जुन्या खोडांनी माग काढला. एक तुकडा इतक्या जुन्या युनिक्समधला निघाला की तो कित्येक वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झालेला होता. दुसऱ्याचं मूळ बर्कलेच्या प्रयोगशाळेत सापडलं, एससीओशी त्याचा संबंधच नव्हता. थोडक्यात, पुरावा दाखवणाऱ्यानेच मूळ तपासलं नव्हतं.

आणि खरा धक्का तर पुढे होता. नोव्हेल नावाची कंपनी कोर्टात उभी राहिली आणि म्हणाली, युनिक्सचा कॉपीराइट आम्ही यांना कधी विकलाच नाही, फक्त धंदा विकला होता. २००७ मध्ये न्यायाधीशांनी आणि २०१० मध्ये ज्युरीने नोव्हेलचं म्हणणं मान्य केलं. म्हणजे ज्याने जमिनीवर अतिक्रमण झालं म्हणून दावा लावला, त्याच्याच नावावर जमीन नव्हती! ठाणे-कल्याण पट्ट्यात असे दावे आपल्याला नवीन नाहीत. एससीओ २००७ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. आयबीएमबरोबरचं उरलंसुरलं भांडण २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटलं.

मधल्या काळात, २००४ मध्ये, आणखी एक आरोप झाला. केन ब्राउन नावाच्या अमेरिकी लेखकाने दावा केला की एका विद्यार्थ्याला एवढ्या कमी वेळात कर्नल लिहिणं शक्यच नाही, त्याने तो मिनिक्सवरून उचलला असणार. यावर लिनसच्या बाजूने कोण उभं राहिलं? स्वतः टॅनेनबॉम. याच टॅनेनबॉमनी १९९२ मध्ये लिनक्सची रचना कालबाह्य आहे म्हणून लिनसशी जाहीर भांडण केलं होतं. पण आपल्या मिनिक्सचा कोड त्याने घेतलेला नाही, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहून टाकलं. दोन्ही सिस्टमचे जुने कोड उपलब्ध होते, ते शेजारी ठेवून तुलनाही झाली, आणि चोरीचा आरोप टिकला नाही. जुन्या आवृत्त्या जपलेल्या नसत्या तर हे फक्त शब्दाविरुद्ध शब्द राहिलं असतं.

एक ओळ, जिच्याखाली सही असते

मे २००४ मध्ये लिनसने नियम आणला. लिनक्समध्ये बदल पाठवणाऱ्याने खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून स्वतःचं नाव आणि ईमेल टाकायचा. त्याचा अर्थ: हा कोड मी लिहिलाय किंवा योग्य परवान्याखाली कुणाकडून घेतलाय, आणि तो इथे द्यायचा मला हक्क आहे. तो बदल पुढे ज्याच्या ज्याच्या हातून जाईल तोही आपली सही खाली जोडतो. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना शेरा पडतो ना, अगदी तसं. फरक इतकाच की ही फाइल कुणालाही, कधीही, माहितीच्या अधिकारात अर्ज न करता बघता येते.

पुढच्या वर्षी दुसरी भर पडली. बदल सांभाळण्यासाठी लिनक्सवाले बिटकीपर नावाचं खासगी सॉफ्टवेअर वापरत होते. भांडण झालं, मोफत वापर बंद झाला. मग एप्रिल २००५ मध्ये लिनसने काही दिवसांत स्वतःचं हत्यार बनवलं: गिट. आज जगातला बहुतेक प्रोग्रॅमर रोज गिट वापरतो.

गिटमध्ये प्रत्येक बदल ही एक फेरफार नोंद असते. कुणी, कधी, काय बदललं आणि का. प्रत्येक नोंदीचा क्रमांक तिच्यातल्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या क्रमांकावरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीत कुणी एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तिथून पुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलतात आणि खाडाखोड उघडी पडते. जुनी तारीख टाकून शाईने नोंद घुसवायची सोय नाही. आपल्या तलाठी कार्यालयांना हे तंत्र कितपत आवडेल, हा वेगळा विषय.

गिटमध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. ती दिली की कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव येतं. पण लिनक्सवर ती चालवून मागे मागे गेलात तर एप्रिल २००५ मध्ये भिंत लागते. खूप जुन्या ओळींपुढे सगळीकडे लिनसचं एकट्याचं नाव दिसतं, कारण गिटमध्ये पहिली नोंद करताना त्याने आधीचा इतिहास आत आणलाच नाही. इतिहास आहे, पण आत्ता त्याचा भार नको, असं त्याने त्या पहिल्या नोंदीतच लिहून ठेवलंय. नंतर इतरांनी जुन्या नोंदी वेगळ्या जमवून ठेवल्या. म्हणजे जगातल्या सगळ्यात चोख सातबाऱ्याचंही पहिलं पान कोरं आहे आणि त्यासाठी दुसऱ्या कपाटात जावं लागतं.

यात आपलं कोण?

लिनक्स मराठीत दिसायला लागलं ते आपोआप नाही. सुरुवातीला देवनागरीत साधा 'क्ष' नीट उमटवणं हेसुद्धा मोठं काम होतं. जोडाक्षरं तुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसायची.

त्या काळात मुंबईत जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही सरकारी संस्था होती, पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे र. कृ. जोशी काम करत होते. जोशी म्हणजे मोठे सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवलेले. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट बघितला, तो त्यांच्या हातचा. आणि याच माणसाचा 'रघु' हा देवनागरी फॉन्ट जीपीएलखाली मोफत दिला गेला, जो लिनक्सवर वापरता आला. एकाच हाताचं वळण, एक मायक्रोसॉफ्टच्या कुलपात आणि एक सगळ्यांसाठी मोकळं. मला तरी ही गोष्ट फ्रीक्सच्या किश्श्यापेक्षा भारी वाटते, पण ती रीलमध्ये फिरताना दिसत नाही. वेंकटेश हरिहरन, प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्स या प्रकल्पाने भारतीय भाषांतल्या लिनक्ससाठी माणसं जमवली. पुढे रेड हॅट कंपनीने 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले, त्या कामाचा मोठा भाग पुण्यात झाला.

आणि भाषांतर. लिनक्सवर मराठी निवडलं की बटणावर 'रद्द करा' दिसतं, ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. भाषांतराच्या फाइलीत वरच्या बाजूला शेवटच्या भाषांतरकाराचं नाव, तारीख आणि चमू नोंदवायची जागा असते. नावं आहेत. गोष्टी मात्र नाहीत. कुठला शब्द का निवडला, कशावर भांडणं झाली, हे फाइल सांगत नाही. हेलसिंकीतल्या त्या उन्हाळ्याबद्दल लिनसचं 'जस्ट फॉर फन' हे आख्खं पुस्तक आहे. मराठी संगणकाच्या त्या दिवसांतले बरेच लोक आज साठीच्या अलीकडे-पलीकडे असतील. त्यांना कुणीतरी माइक लावून बसवायला हवं, आणि तेही लवकर. र. कृ. जोशी २००८ मध्येच गेले.

मग ते 'स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टम'चे फॉरवर्ड?

सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स आणलं, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स. २०२३ च्या जानेवारीत भारोस आलं, आयआयटी मद्रासच्या छत्राखाली वाढलेल्या कंपनीचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी 'माया' बसवणार अशा बातम्या आल्या. दर वेळी दोन प्रकारचे मेसेज फिरतात. एक, 'भारताने शून्यातून बनवली'. दुसरा, 'हॅ, नुसती कॉपी आहे'.

दोन्ही चूक. बॉस हे डेबियन लिनक्सवर आधारलेलं आहे. माया उबुंटूवर, आणि उबुंटू स्वतः डेबियनवर. म्हणजे दोघींचं आजोळ एकच. भारोसचा पाया अँड्रॉइडचा मुक्त प्रकल्प, ज्याच्या तळाशी पुन्हा लिनक्स. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, परवाना हेच करायला सांगतो. अँड्रॉइड तरी कुठे शून्यातून आलं? प्रश्न विचारायचा तो वेगळा: मूळ कुठलं ते सांगितलंय का, स्वतःची भर कोणती ते दाखवलंय का, आणि जिथे परवाना मागतो तिथे सोर्स कोड दिलाय का?

यात डेबियनची शिस्त बघण्यासारखी आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात प्रत्येक पॅकेजसोबत एक कॉपीराइट फाइल ठेवणं सक्तीचं आहे. मूळ कोड कुठून आणला आणि परवाना कोणता, हे त्यात लिहिलेलं असतं.

सही खरी, माणूस खोटा

इतकं सगळं असून फसवणूक होऊ शकते का? झाली. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड नावाच्या, फाइली लहान करणाऱ्या साध्या अवजारात चोरदरवाजा आहे. त्याच्या लक्षात कसं आलं? दूरच्या कॉम्प्युटरवर लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. बस, एवढ्यावरून. लिनक्सच्या काही प्रायोगिक आवृत्त्यांमध्ये हा कोड पोहोचलाही होता.

तो घुसवणाऱ्याने 'जिया टॅन' या नावाने दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. या नावामागे खरं कोण होतं, हे आजही उघड झालेलं नाही. आणि चोरदरवाजा चालू करणारा महत्त्वाचा तुकडा त्याने गिटच्या नोंदींत ठेवलाच नव्हता. लोकांना डाउनलोडसाठी दिलेल्या गाठोड्यात तो परस्पर टाकला होता. सातबारा साफ, पण ताबा देताना घरात आणखी कुणीतरी बसलेलं. त्यानंतर अनेक प्रकल्पांत गाठोडं आणि नोंदी एकमेकांशी जुळतात का, हे तपासण्यावर भर वाढला.

आता पुन्हा तुमच्या फोनकडे. सेटिंग्जमध्येच 'कायदेशीर माहिती' नावाचा कोपरा असतो, त्यात 'ओपन सोर्स परवाने'. उघडलंत तर संपणार नाही इतकी लांब यादी दिसेल, शेकडो नावं, संस्था, वर्षं. त्यात जीपीएल शोधा. कर्नल याच परवान्याखाली असल्यामुळे तुमच्या फोनमध्ये घातलेल्या कर्नलचा सोर्स कोड कंपनीने द्यायला हवा. मोठ्या कंपन्या त्यासाठी वेगळं पान ठेवतात. काही कंपन्या महिनोन्महिने तो देत नाहीत. तुमच्या मॉडेलचा कोड सापडला नाही, तर कंपनीला ईमेल करा, मॉडेल नंबर आणि कर्नलचा तो आकडा टाकून. तो मागण्यासाठी तुम्ही प्रोग्रॅमर असायची गरज नाही.